पांदणीसाठी जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी: घेण्यापासून गाऱ्यातून (चिखलातून) काढण्यापर्यंत

आमचं शेत डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत आहे. यवतमाळ जिल्हा, घाटंजीकडचा पट्टा, सगळी काळी जमीन. मृग लागला की पांदण, म्हणजे शेताकडची कच्ची वाट, बंद. मग दिवाळीपर्यंत शेतात जायचं ते पायी, नाहीतर कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर उभं राहून. २०२१ मध्ये मी २०१५ ची, ९२ हजार किलोमीटर चाललेली रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी (ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी) घेतली. पहिल्याच जुलैत ती अशी रुतली की शेजारच्या काकांची बैलजोडी लावून ओढावी लागली. काका बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "चारही चाकं फिरतेत म्हनता, मंग गाडी काहून उभी हाय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देता येतं. मधल्या पावसाळ्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. शोरूमची जाहिरात वाचून किंवा नागपूरच्या एखाद्या जुन्या गाड्यांच्या बाजारात चकचकीत गाडी पाहून हुरळून जाण्याआधी एकदा वाचा.

१. आधी वाटेचा हिशेब करा

वर्षातले किती दिवस तुम्हाला खरंच चार चाकांची ओढ लागणार आहे? माझे दिवस मोजून साठ-सत्तर भरतात. बाकी वर्षभर ही गाडी यवतमाळ, पांढरकवडा, नागपूर अशा डांबरी रस्त्यांवरच पळते. म्हणजे मला रस्त्यावर सुखाने चालणारी आणि पांदणीत थोडी जास्त आत जाणारी गाडी हवी होती. क्रॉसओव्हर, म्हणजे कारच्या बांधणीची उंच गाडी, तेवढ्यापुरतीच असते.

तुमची वाट खडकाळ चढाची असेल, रोज नाला ओलांडायचा असेल, मागे ट्रॉली ओढायची असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि लो-रेंज गिअर (हळू पण जास्त ताकदीने ओढणारा जोडगिअर) असलेली, चेसीवर (वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेली फोर-बाय-फोर शोधा: जुनी थार, बोलेरोचं फोर-बाय-फोर मॉडेल किंवा जिप्सी. आणि वाट नुसती मुरमाची असेल तर साधी टू-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे दोनच चाकांना ओढ असलेली, डस्टरही पुरते. पैसे वाचतील.

२. गाडी ठरवा

जुन्या बाजारात परवडणाऱ्या किमतीत प्रामुख्याने दोनच नावं समोर येतात. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० एडब्ल्यूडी (२०११ पासूनची, २.२ लिटर डिझेल, सुरुवातीची १४० बीएचपी) आणि रेनॉ डस्टर एडब्ल्यूडी. डस्टर भारतात २०१२ मध्ये आली, तिचं एडब्ल्यूडी मॉडेल ऑक्टोबर २०१४ मध्ये. १.५ लिटर डिझेल, ११० पीएस, २४५ न्यूटन-मीटर, सहा गिअर आणि फक्त मॅन्युअल. २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले आणि डिझेल डस्टर बंद झाली.

एक्सयूव्हीचे पार्ट तालुक्याला मिळतात, हा तिचा मोठा गुण. पण ती जड आहे आणि गाऱ्यात वजन हा वैरी असतो. डस्टर हलकी, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच, आणि एडब्ल्यूडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे खड्ड्यांत अंग मोडत नाही. मी तिच्याकडे झुकलो. पुढचं बरंचसं तिच्याच अनुभवातून आहे, पण तपासणी कोणत्याही जुन्या एडब्ल्यूडीला लागू पडते.

पार्टची भीती वाटत असेल तर एक गोष्ट ऐका. हेच १.५ डिझेल इंजिन निसान टेरानो, सनी आणि महिंद्रा व्हेरिटोमध्येही होतं. टॅक्सीच्या व्हेरिटो दुरुस्त करणारा मेकॅनिक तुमच्या भागात असेल तर इंजिनाची चिंता अर्धी झाली. एडब्ल्यूडीचे खास भाग, म्हणजे मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा गिअर), कपलिंग (ताकद मागे जोडणारा क्लच), लांब शाफ्ट, हे मात्र दुर्मिळ. मॉडेल बंद आहे. माझ्या एका सेन्सरसाठी गाडी तीन आठवडे अंगणात उभी होती.

३. कागद

गाडी आवडण्याआधी कागद बघा. आवडल्यावर माणूस आंधळा होतो.

- आरसी. चेसी नंबर गाडीवर स्वतः वाचून ताडून पाहा.
- चालू विमा आणि पीयूसी
- फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या सहीने
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
- विकणाऱ्याचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- सर्व्हिसची बिलं, असतील तेवढी
- दोन्ही चाव्या

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालक, विमा, कर्जाचा बोजा दिसतो. ई-चलान थकलेत का तेही पाहा, नाहीतर दुसऱ्याने मुंबईत तोडलेल्या सिग्नलचा दंड तुम्ही भराल. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (सरकारी सुरक्षा खुणांची नंबर प्लेट) पाटी बसवलेली आहे का, हेही विचारा.

मालकी बदलासाठी खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. मी एजंटवर सोडलं. त्याने "होऊन जाईल भाऊ" म्हणत चार महिने घालवले. तेवढ्या काळात अपघात झाला असता तर गाडी एकाची, विमा दुसऱ्याचा. आणि विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. तो त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे हप्ता थोडा जास्त येतो.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात फिरतात. गाडी वाईट असतेच असं नाही. पण तिकडची नोंदणी रद्द झालेली असेल तर एनओसीचं घोडं अडतं, आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो. तो धरून किंमत काढा. बहुतेक वेळा स्वस्ताई तिथेच संपते.

४. बघायला जाताना

सोबत न्या: टॉर्च, जुनं पोतं (खाली झोपायला), टायरची खाच मोजायचं साधं गेज, ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारं यंत्र) आणि एक जाणता माणूस, ज्याला ती गाडी घ्यायची नाही.

पहिला सापळा नावाचा आहे. साध्या टू-व्हील डस्टरला "फोर-बाय-फोर हाय साहेब" म्हणून विकणारे भेटतात. खाली झोपून पाहा, पुढून मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट दिसला पाहिजे. आत टू-डब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक असं लिहिलेलं गोल बटण पाहिजे. या दोन्ही गोष्टी नसतील तर चहा पिऊन परत या.

दुसरा सापळा पुराचा. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ लपत नाही. सीटच्या खालचे रूळ गंजलेत का पाहा. गाडीत अत्तराचा वास जास्त असेल तर जास्तच संशय घ्या.

खाली झोपलाच आहात तर आणखी बघा: मागचा डिफरन्शियल तेलाने ओला आहे का, ॲक्सलच्या रबरी बुटांना चिरा आहेत का, शाफ्ट हाताने हलवल्यावर खडखडतो का. गाडी मुंबई-कोकणातली असेल तर गंज. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तो कमी असतो, म्हणून आपली नजर त्याला सरावलेली नसते.

टायर. चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे (डस्टरला २१५/६५ आर १६) आणि सारखेच झिजलेले पाहिजेत. हे एडब्ल्यूडीत चैनीचं काम नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी, म्हणून ते चाक जास्त फेरे घेतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं चाक घसरतंय, आणि तो कपलिंगला उगाच कामाला लावतो. पुढे नवे दोन, मागे जुने दोन अशी काटकसर केलेली गाडी दिसली की किमतीत चार टायर वजा करा.

५. चार चाकांची ओढ खरोखर आहे का, तपासा

डस्टरमध्ये एरवी पुढचीच चाकं गाडी ओढतात. पुढची घसरली की मागच्या डिफरन्शियलजवळचा विजेवर चालणारा क्लच, म्हणजेच कपलिंग, पकडतो आणि ताकद मागे जाते. लॉकवर टाकलं की तो सुरुवातीपासून पकडून ठेवतो, पुढे-मागे निम्मी-निम्मी.

चावी फिरवताच मीटरमध्ये इशाऱ्याचे दिवे पेटून विझले पाहिजेत. एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा पेटतच नसेल तर तो कोणीतरी मुद्दाम काढलाय.

मग नांगरलेलं वावर किंवा भुसभुशीत मातीचा उतार शोधा. टू-डब्ल्यूडीवर चढवा, पुढची चाकं माती उडवू द्या. थांबा, लॉक करा, परत चढवा. मागून कोणी ढकलल्यासारखं वाटलं पाहिजे. आता डांबरावर येऊन लॉकमध्येच, अगदी हळू, पूर्ण स्टिअरिंग वळवून दोन मीटर चालवा. गाडी अडखळल्यासारखी झाली तर क्लच पकडतोय. तेवढंच करा, जास्त नको, कोरड्या डांबरावर लॉक लावून फिरणं म्हणजे पैसे जाळणं. तसंच अडखळणं टू-डब्ल्यूडीतही जाणवलं तर कपलिंग अडकलेलं आहे. ती गाडी सोडा.

शेवटी ६० ते ८० च्या वेगात काच लावून, रेडिओ बंद करून मागचा आवाज ऐका. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची असते.

जॅकवर दोन चाकं उचलून गाडी गिअरमध्ये टाकणारे मेकॅनिक असतात. त्यांना हात जोडून थांबवा. गाडी जॅकवरून उडी मारते.

६. घेतल्यावर पहिल्या महिन्यात

टायमिंग बेल्ट. या इंजिनाला पट्टा आहे, साखळी नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनाचं काम निघतं. कधी बदलला याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं समजा आणि टेन्शनरसकट नवा टाका.

तेलं तीन आहेत: इंजिनाचं, गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं. पुढे ट्रान्सफर केस (ताकद मागच्या शाफ्टकडे वळवणारी पेटी) आहे तिचंही पाहायला सांगा. तालुक्याच्या गॅरेजमध्ये मागचं तेल हमखास विसरलं जातं, कारण रोजच्या गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतोच. तेलाचा ग्रेड मॅन्युअलमधून वाचून द्या.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका. आपल्याकडच्या क्षारांनी बारीक नळ्या बुजतात, आणि मे महिन्यात ४५ अंशांत गाडी तापली की मग खापर गाडीवर. कूलंटच टाका.

डिझेल फिल्टर बदला, पाणी काढा. आणि बोनेट उघडून उंदरांनी वायर कुरतडल्या आहेत का बघा. कापूस घरात आला की उंदीर गाडीत येतो, हा आमच्याकडचा नियम.

७. काळ्या मातीत चालवताना

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरतात आणि टायर केळीच्या सालीसारखा गुळगुळीत होतो. असे चार गुळगुळीत टायर फिरवून उपयोग दोन फिरवण्यापेक्षा थोडाच जास्त. त्यात आपल्या पांदणी ट्रॅक्टरच्या. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल असतात आणि त्यांचं अंतर आपल्या चाकांशी जुळत नाही. मी सरळ चाकोरीत उतरलो, गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर बसलं, आणि चारही चाकं हवेत लोंबल्यासारखी फिरत राहिली. काका, गाडी म्हणून उभी होती.

त्यानंतरची माझी पद्धत अशी:

आधी पायी. काठी घेऊन वाटेचा वाईट तुकडा चालून या. बूट घोट्यापर्यंत आत जात असेल तर गाडी डांबराशी उभी करतो आणि पायी जातो. वर चिखल असला तरी काठी खाली टणक लागली, तर जातो.

चाकोरी पायाखाली घेऊ नका. एक बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेला, असं चालवा. पण कडेला तुरीचे कापलेले खुंट असतात. तिरप्या कापलेल्या खुंटाने टायरची बाजू फाटते आणि तिला पंक्चर लागत नाही.

लॉक आधी लावा, रुतल्यावर नाही. ईएसपीचं बटण बंद करा, नाहीतर चाक जरा फिरलं की गाडी स्वतःच ताकद कापते आणि ऐन गाऱ्यात दम सोडते.

पहिला की दुसरा गिअर? डस्टर एडब्ल्यूडीचा पहिला गिअर फार छोटा आहे. खडकाळ चढावर तो सोनं, माणसाच्या चालीने गाडी सरकते. गाऱ्यात मात्र तो चाकं भिंगरीसारखी फिरवतो. दुसऱ्यात, १८०० ते २००० फेऱ्यांवर, एकसारखा ॲक्सिलेटर ठेवून जा. त्याच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि गाडी मरगळते. थांबू नका, गिअर बदलू नका.

हवा कमी करा. मी २२ पीएसआयपर्यंत आणतो, टायर पसरून जास्त माती धरतो. पण अशा हवेवर २० च्या वर वेग नको, आणि डांबरावर येताच परत भरायची. त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप गाडीत लागतोच.

चाकं जागेवर फिरू लागली की त्याच क्षणी पाय काढा. अजून दोन मिनिटं रेस केलीत तर खड्डा तुम्हीच खणाल, वर कपलिंग तापेल आणि गाडी आपोआप टू-डब्ल्यूडीवर येईल. ते बिघडलेलं नसतं, गार व्हायला वेळ द्या. उतरा, चाकासमोरची माती काढा, तुराट्या किंवा पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) आडव्या टाका आणि आल्या वाटेनेच मागे काढा. पुढे जाण्याचा हट्ट त्या दिवशी सोडा.

ओढून काढायची वेळ आली तर टोचनाची कडी कुठे आहे ते कोरड्या दिवशीच शोधून ठेवा. दोर ॲक्सलला किंवा सस्पेन्शनला बांधू देऊ नका. ट्रॅक्टरवाला तिथेच बांधायला बघतो. हायवेवर बंद पडली आणि क्रेन आली, तर पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेऊ देऊ नका. चारही चाकं वर, सपाट गाडीवर.

आणि ब्रेक. चार चाकांची ओढ गाडी पुढे न्यायला असते. थांबवायला तिचा काही उपयोग नाही. ओल्या डांबरावर रोही (नीलगाय) आडवं आलं तर तुमची गाडी शेजाऱ्याच्या अल्टोएवढीच घसरेल. रात्री जंगलपट्ट्यात साठच्या वर जाऊ नका.

घरी आल्यावर चाकांच्या आतली माती त्याच दिवशी काढा. वाळली की विटेसारखी होते, चाक थरथरतं आणि सेन्सर झाकले गेले की एबीएसचा दिवा पेटतो. माझा पेटला होता तेव्हा अर्धा दिवस घाबरलो. शेवटी पाण्याच्या पाइपने गेला.

८. रपटा

रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत असेल तर जाऊ नका. गाडी किती उंच आहे, चाकं किती ओढतात, याचा इथे संबंध नाही. गाडी आधी तरंगते, मग वाहते. सप्टेंबर २०२१ मध्ये उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. आपली गाडी बसच्या किती पट हलकी आहे ते बघा.

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात ते सहसा बसत नाही आणि इंजिन प्रोटेक्ट जोड जुन्या गाडीला बहुधा मिळत नाही.

९. समृद्धी आणि उन्हाळा

नागपूरपासूनच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जुन्या टायरवर मे महिन्यात तेवढा वेग म्हणजे खेळ नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच शिल्लक असली तरी सहा वर्षांचा टायर मी बदलतो. समृद्धीवर चढण्याआधी पांदणीसाठी कमी केलेली हवा भरली का, हे एकदा खाली उतरून पाहा. मी एकदा विसरलो होतो.

उन्हाळ्यात वाळलेलं गवत किंवा सोयाबीनचं कुटार (भूस) पसरलेलं असेल तिथे गाडी उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो.

१०. सामान आणि रोजचा वापर

कागदावर या मॉडेलचं ॲव्हरेज १९.७२ आहे. मला गावात तेरा-चौदा आणि हायवेवर सोळा-सतरा मिळतं. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर साधारण सातशे लिटर डिझेल. हिशेब त्यावर करा.

डिकी ४१० लिटरची, टू-व्हील डस्टरपेक्षा लहान, कारण खालची जागा एडब्ल्यूडीने घेतली. ४५ किलोच्या युरियाच्या चार बॅगा टाकल्या की मागची बाजू बसते आणि ज्या २१० मिलिमीटरसाठी पैसे दिले त्यातलेच काही जातात. पांदणीच्या दिवशी खत नेऊ नका.

फवारणीचं औषध तर या गाडीत कधीच नाही. डिकी आणि माणसं एकाच बंद हवेत असतात, आणि वर एसी चालू. २०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते सगळ्यांनी पाहिलंय. औषधाचे डबे अजूनही मागच्या मागे, काकांच्या बैलबंडीतूनच जातात.